खेड्यातील शाळकरी मुलांचे वजन आणि शारीरिक हालचाल: आपल्याकडे नेमके काय मोजले जावे?

वऱ्हाडी_मास्तर (यवतमाळ जिल्हा)

आमच्या जिल्हा परिषद शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येते, मुलांची उंची व वजन घेते, डोळे, दात, त्वचा तपासते आणि नोंदी करून जाते. त्यानंतर काही दिवस वर्गात एकच विषय असतो, तो म्हणजे कोणाचे वजन किती भरले. ज्याचे कमी भरले त्याला घरचे लोक ताटावर बसवून ठेवतात, ज्याचे जास्त भरले त्याला वर्गमित्र चिडवतात आणि मधल्या मुलांची चौकशी कोणी करत नाही. मला विचारायचे आहे ते या मधल्या मुलांविषयी. मैदानाला एक फेरी मारताच ज्यांना धाप लागते, त्यांच्यात वजन अगदी योग्य असलेली मुले पुष्कळ आहेत.

देशपातळीवर 2016 ते 2018 या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वर्षांची सुमारे 23 टक्के मुले वयाच्या मानाने कृश आणि सुमारे 4 टक्के अतिवजनाची आढळली होती. 10 ते 19 वर्षांच्या गटात हेच प्रमाण अनुक्रमे 24 आणि 5 टक्के होते. हे आकडे सर्व देशाचे आहेत, तरीही आपल्या भागात कृशतेचे पारडे जड आहे हे सांगायला कोणत्याही शिक्षकाला सर्वेक्षण लागणार नाही. मात्र त्याच सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या सुमारे दहा टक्के मुलांच्या रक्तात मधुमेहपूर्व अवस्थेची लक्षणे दिसली होती. अतिवजन चार-पाच टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्था दहा टक्के, याचा अर्थ काट्यावर बारीक दिसणारी काही मुलेही आतून सुदृढ नाहीत, असा मी लावतो.

मुले पूर्वीइतकी चालत, पळत नाहीत, हे उघड दिसते. शेजारच्या पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) पायी येणारी मुले आता ऑटोत बसून येतात. मग शाळेने वजनाच्या नोंदीबरोबर हालचालीचीही काही नोंद ठेवावी का, आणि ठेवायची तर कशी, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

तपासणी_पथक (बुलढाणा जिल्हा)

सर, मी अशाच एका पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते, म्हणून प्रथम वजनाविषयीच लिहिते. मुलाचे नुसते वजन सांगणे निरर्थक आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक (बीएमआय) येतो, तो वय आणि लिंग यांनुसार तक्त्यात पाहावा लागतो. मोठ्या माणसांसाठीचे 18.5 व 25 हे आकडे मुलांना लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या संदर्भ तक्त्यानुसार बरोबर दहा वर्षांच्या मुलाचा मध्यम निर्देशांक सुमारे 16.4 आहे, 13.7 च्या खाली गेला तर तो मुलगा कृश ठरतो, 18.5 च्या वर अतिवजनाचा आणि 21.4 च्या वर लठ्ठ. म्हणजे 138 सेंटिमीटर उंचीचा आणि 30 किलो वजनाचा दहा वर्षांचा मुलगा, ज्याला घरची मंडळी हमखास 'सुकला' म्हणतात, त्याचा निर्देशांक 15.8 च्या आसपास येतो आणि तो पूर्णपणे योग्य पट्ट्यात आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघांवर, पायात चप्पल असताना घेतलेली उंची दोन सेंटिमीटरने चुकली की निर्देशांक अर्ध्या अंकाने सरकतो. तिसरी गोष्ट वयात येण्याची. मुलींमध्ये दहा-बारा आणि मुलांमध्ये बारा-चौदा या वयात वजन भराभर वाढते. काहींचे वजन आधी वाढते आणि उंची मागून येते. त्या एका वर्षाच्या नोंदीवरून मुलाला लठ्ठ ठरवून टाकू नये. सलग दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाच तक्त्यावर मांडल्या, तरच मूल कोणत्या दिशेने चालले आहे ते कळते, आणि दुर्दैवाने मागच्या वर्षीचा कागद शाळेत सापडत नाही.

आपला दहा टक्क्यांचा मुद्दा मला पटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय नवजात बाळ वजनाने हलके असले तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते. अशा बांध्याच्या मुलाने स्नायू कमवण्याच्या वयात बसून दिवस काढले, तर काटा त्याविषयी काहीच बोलणार नाही.

वावरवाला (वाशिम जिल्हा)

मास्तर, मॅडम, आपण दोघांनी चांगले लिहिले, परंतु माझ्यासारख्या शेतकऱ्याला हा शहरी प्रश्न वाटतो. आमची पोरे सुटीच्या दिवशी वावरात येतात, कापूस वेचतात, बैलांना पाणी पाजतात, विहिरीवरून घागर आणतात. त्यांना वेगळ्या व्यायामाची काय गरज? ज्यांच्या पोटाला दूध-अंडे पुरेसे मिळत नाही त्यांना आणखी पळवून आपण त्यांचे वजन अजून उतरवणार आहोत का?

वऱ्हाडी_मास्तर

भाऊ, हा आक्षेप मला अपेक्षितच होता आणि त्यात तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेतातील कष्ट हंगामी असतात. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि त्या काळात मुले खरोखर राबतात. काही तर शाळा बुडवून राबतात, ज्याचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु उरलेल्या महिन्यांचे चित्र आपणच आठवून पाहावे. निंदणाची जागा तणनाशकाच्या फवारणीने घेतली, सोयाबीनची मळणी यंत्रावर होते, डवरणी आणि पेरणी ट्रॅक्टर करतो, बैलजोडी असलेली घरे दरवर्षी कमी होत आहेत. पूर्वी शाळा सुटली की गुरे घेऊन निघालेला मुलगा अंधार पडेपर्यंत सहज तीन-चार कोस चालून यायचा, त्या हालचालीची नोंद कुठेच नव्हती आणि ती गेली याचीही नोंद झाली नाही. हे कष्ट परत यावेत असे मी म्हणत नाही. यंत्र आले ते बरेच झाले. पण कष्टांबरोबर हालचालही गेली आणि तिच्या जागी मोबाइल आला.

शिवाय कष्ट म्हणजे खेळ नव्हे. कंबरेत वाकून सहा तास कापूस वेचणाऱ्या मुलाच्या छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत, तो उडी मारत नाही, वेगाने दिशा बदलत नाही, चेंडू झेलत नाही. हाडे आणि हृदय यांना जे हवे असते ते यातून पुरेसे मिळत नाही; पाठदुखी मात्र मिळते.

लेकीची_आई (अकोला जिल्हा)

या चर्चेत आतापर्यंत 'मुले' या शब्दाने मुलगेच डोळ्यांसमोर येत आहेत, म्हणून लिहिते. माझी मुलगी सातवीत आहे. पाचवीपर्यंत ती गल्लीत टिक्करबिल्ला खेळायची, लंगडीत मुलांना हरवायची, चिंचेच्या झाडावर डाबडुबली खेळायची. सहावीत गेल्यावर हे सर्व थांबले, आणि ते कोणी एका दिवशी थांबवले असेही नाही. शाळेचे मैदान सायंकाळी मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते, गणवेशाचा कुर्ता-ओढणी धावण्याच्या सोयीची नाही, पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते आणि गावातील बायका 'एवढी मोठी झाली, अजून उड्या मारते' असे तोंडावर बोलतात. घरी आल्यावर तिच्या वाट्याला भांडी, झाडलोट आणि धाकट्या भावाला सांभाळणे येते, तर त्याच वयाचा चुलतभाऊ बॅट घेऊन बाहेर पडतो.

मानव विकास कार्यक्रमातून आमच्या तालुक्यातील आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात. मला विचाराल तर मुलींच्या व्यायामासाठी आजवर झालेली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे, जरी ती व्यायामासाठी दिलेली नसली तरी. सायकलवर रोज येणे-जाणे करणाऱ्या मुलीला गावात कोणी नाव ठेवत नाही, कारण ती 'खेळत' नसते, शाळेत जात असते. पण पाचवी ते सातवीच्या मुलींचे काय? हालचाल सुटते ती नेमकी याच तीन वर्षांत.

शिट्टी (अमरावती जिल्हा)

मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवतो. ताईंनी मांडलेला प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, त्यामुळे थोडे लांबेल, क्षमस्व.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात स्नायू व हाडे बळकट करणारी, म्हणजे उड्या, ओढाताण, चढणे अशी हालचाल असावी. सलग साठ मिनिटे हवीत असे नाही. सकाळी वीस, मधल्या सुट्टीत पंधरा, सायंकाळी पंचवीस असे झाले तरी चालते. मध्यम म्हणजे काय, याची सोपी खूण अशी की, मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. जोरकस हालचालीत बोलतानाही दम लागतो. ही खूण कोणत्याही शिक्षकाला वापरता येते, तिला यंत्र लागत नाही.

आता वेळापत्रकावरच्या खेळाच्या तासाचे वास्तव पाहा. चाळीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे रांगा लावण्यात जातात. मग क्रिकेट सुरू होते, ज्यात गोलंदाज आणि फलंदाज सोडून बाकीचे उभे असतात आणि सीमेवरच्या मुलाला चेंडू आला तर आला. किंवा आपण असे खेळ घेतो ज्यात बाद झालेला मुलगा बाहेर बसतो. बाद सर्वांत आधी कोण होतो? जो जाड आहे किंवा ज्याच्यात त्राण नाही तो. म्हणजे ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे तोच तासातील सर्वाधिक वेळ बसून काढतो, आणि वर त्याला हसे मिळते. म्हणून मी नियम बदलले. लंगडीत बाद झालेल्याने बाजूच्या पट्ट्यात दोरीवरच्या वीस उड्या मारून परत यायचे. खो-खोत बसणाऱ्यांची संख्या निम्मी करून एकाच वेळी दोन डाव लावायचे. कबड्डीत वजनी मुलाचा उपयोग पकडीत होतो, तिथे त्याला मान मिळतो, हे मी मुद्दाम घडवून आणतो.

हवामानाचा विचार न करता पुण्या-मुंबईत आखलेले वेळापत्रक इकडे चालत नाही. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा भरतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनच्या अखेरीस. त्यानंतर दोन-अडीच महिने काळ्या मातीचे मैदान चिखलाने असे भरते की त्यावर पायही ठेववत नाही. तेव्हा व्हरांड्यात लेझीम, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या आणि जागेवर गुडघे उचलून धावणे एवढेच शक्य असते. एक इयत्ता वर्गात आणि एक व्हरांड्यात असे आलटून-पालटून घेतले तर तेही पुरते. पोळ्यानंतर जमीन वाळू लागते आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम असतो. मार्चपासून सकाळच्या पाळीत पहिल्या अर्ध्या तासातच मैदान उरकावे. नऊनंतर मुलांना उन्हात पळवण्याचा आग्रह कोणी धरू नये.

साधनांची सबब मात्र मला पटत नाही. अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. ज्या जिल्ह्याची ही परंपरा आहे, तेथील शाळेत महागडे साहित्य नाही म्हणून खेळ नाही, हे ऐकवत नाही.

ताईंच्या मुलीसाठी एक सुचवतो. आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवारी सायंकाळी मैदान केवळ मुलींचे असते आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंदवलेले आहे. ठराव नसता तर क्रिकेटवाल्यांनी ते आठवडाभरात परत घेतले असते. कुर्त्याऐवजी ट्रॅकपँट घालायला त्या दिवशी परवानगी आहे.

झाडीपट्टी (गडचिरोली जिल्हा)

वावरवाला भाऊंचा प्रश्न अर्धवट राहिला, म्हणून तोच पुढे नेतो. मी आश्रमशाळेत अधीक्षक आहे. आमच्याकडे अतिवजन हा विषयच नाही. बहुतेक मुले कृश किंवा ठेंगणी आहेत, अनेकांना रक्तक्षय आहे आणि काहींना सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. रोज एक तास खेळ हा नियम या मुलांना तसाच लावायचा का?

तपासणी_पथक

सर, प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे आणि विदर्भाबाहेरच्या चर्चांत तो येतच नाही.

केवळ कृश असलेल्या, पण तापाने आजारी नसलेल्या, चालत-बोलत असलेल्या मुलाने खेळावे. खेळाने भूक लागते, खाल्लेल्या प्रथिनांचा स्नायू बनवण्यासाठी उपयोग होतो, आणि ओढताण-उड्यांनी हाडे भरतात. अट एवढीच की ताटात पुरेसे हवे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीसाठी 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत, पण हे एकाच वेळचे जेवण आहे. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाला परिपाठानंतर लगेच पळवले, तर तो चक्कर येऊन पडेल. अशा शाळेत मैदानाचा तास जेवणानंतर तासाभराने ठेवणे अधिक योग्य.

रक्तक्षयाच्या मुलाला लवकर धाप लागते, छाती धडधडते. त्याला आळशी म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची साप्ताहिक गोळी आणि वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळी या दोन्ही गोष्टी शाळेतूनच होतात; त्या प्रत्यक्ष पोटात जातात की खिशात, एवढे मात्र पाहावे.

सिकलसेलचे सांगायचे तर 'एसएस' पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाला स्पर्धेच्या जोशात दमेपर्यंत पळवू नये, उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत खेळवू नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे आणि तो थांबतो म्हणाला की त्या क्षणी थांबू द्यावे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तपेशी अडकून तीव्र वेदना सुरू होतात. मात्र त्याला कायमचे बाकावर बसवणेही बरोबर नाही. त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे, हलके खेळ, लेझीम हे त्याच्यासाठी चांगलेच आहे. 'एएस' म्हणजे वाहक मूल सर्वसाधारणपणे इतरांसारखे खेळू शकते, परंतु उन्हातल्या लांब धावण्यात त्यालाही पाण्याची आणि विश्रांतीची काळजी हवी. जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि त्यात तपासण्या होतात. मुलाचा पॅटर्न खेळ घेणाऱ्या शिक्षकाला माहीत असावा, वर्गाला नव्हे.

किराणा_दुकानदार (वर्धा जिल्हा)

मी दुकानदार आहे आणि माझ्याच गल्ल्याविरुद्ध लिहितो. माझ्या मते सारी चर्चा पायांभोवती फिरते आहे, तोंडाकडे कोणी पाहत नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या दुकानावर सर्वाधिक खपतात त्या पाच आणि दहा रुपयांच्या तळलेल्या पुड्या, पोंगे आणि रंगीत सरबते. तीस किलोच्या मुलाने तासभर मन लावून खेळले, तर बसून राहण्याच्या तुलनेत त्याच्या फार तर शंभर-दीडशे किलोकॅलरी जादा खर्च होतात. वीस-बावीस ग्रॅमच्या एका पुडीत शंभराहून अधिक असतात, हे पुडीवरच छापलेले असते. मग एक तास खेळ घेऊन वजन उतरेल असे पालकांना सांगणे म्हणजे त्यांची फसवणूक नाही का? शिवाय 2020 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे अतितेलकट, अतिगोड, अतिखारट पदार्थ विकता येत नाहीत. माझे दुकान त्याबाहेर आहे. आत असलेली दुकाने मला दिसतात.

शिट्टी

दुकानदार भाऊ, आपला हिशेब बरोबर आहे आणि म्हणूनच मी पालकसभेत 'वजन कमी होईल' हे वाक्य कधीही उच्चारत नाही. शाळेतील खेळाने वजनात होणारा फरक लहानच असतो. फरक पडतो तो दम टिकण्यात, ताकदीत, झोपेत आणि वर्गात लक्ष लागण्यात, आणि तो जाड, बारीक, मध्यम अशा सर्व मुलांत पडतो. खेळाला वजनाची शिक्षा किंवा औषध केले, की जाड मूल त्याचा तिरस्कार करू लागते आणि बारीक मुलाचे पालक त्याला खेळातून काढून घेतात.

मास्तरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नोंद ठेवायची तर 'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीतील 600 मीटर धावणे-चालणे घ्यावे. चुन्याने आखलेली फेरी आणि एक घड्याळ पुरते. मुलाची तुलना वर्गाशी न करता त्याच्याच मागच्या वेळेशी करावी, वेळ मोठ्याने वाचू नये आणि चाचणी नोव्हेंबर व फेब्रुवारीत घ्यावी, म्हणजे ऊनही नसते आणि चिखलही नसतो. सिकलसेलची व आजारी मुले या चाचणीतून वगळावीत.

वऱ्हाडी_मास्तर

सर्वांचे आभार. माझ्याकडे दोन शिक्षक आणि पाच इयत्ता आहेत, ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार जाते, त्यामुळे रोज एक तास मला शक्य नाही हे स्पष्ट सांगतो. शाळा भरताना वीस मिनिटे आणि शनिवारी दप्तर नसते त्या दिवशी पूर्ण तास, एवढे करता येईल. उरलेली चाळीस मिनिटे घर आणि रस्ता यांच्याकडून यावी लागतील. पोडावरचे अंतर दीड किलोमीटर आहे. ऑटो शेवटच्या नाल्यापर्यंत आणून तिथून मुलांनी गटाने चालत यावे, मोठ्या मुलींनी लहानांना सोबत घ्यावे, असे पालकांपुढे मांडणार आहे.

वावरवाला

मास्तर, नाल्यावरच्या रपट्याला कठडा नसेल तर पावसाळ्यात हे करू नका. आमच्याकडेही तसाच रपटा आहे आणि पाणी चढले की मोठी माणसेही थांबतात. पोळ्यानंतर सुरू करा. आणि दुसरे, ऑटोवाल्याशी आधी बोलून घ्या; त्याचे महिन्याचे पैसे तेवढेच राहतील हे सांगितले तर तो स्वतःच मुलांना नाल्याजवळ उतरवेल.

लेकीची_आई

मुलींच्या मैदानाच्या ठरावाचा मसुदा शिट्टी सरांनी येथे टाकावा, ही विनंती. आमच्या व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि त्यात महिला सदस्य निम्म्या आहेत, तरीही विषय कागदावर लिहून नेला नाही तर तो चहाबरोबर संपतो.